आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन

जासई नाक्यावर उभं राहिलं की डोळ्यांत भरतात ते कंटेनर. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे आणि तिकडून येणारे चाळीस फुटी ट्रेलर एकामागून एक जात राहतात आणि पायी माणूस रस्ता ओलांडायला ताटकळत राहतो. जरा थांबलं, तर या ट्रेलरांच्या मधल्या फटीतून वाट काढणारी दुसरीही वाहनं दिसू लागतात. करंजाची मासळी बर्फात घालून निघालेली पिकअप. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून भाजी आणणारा छोटा हत्ती. मंडपाचे खांब आणि खुर्च्या लादलेला टेंपो. कुणाच्या दारावर आधीच्या मालकाचं अर्धवट खरवडलेलं नाव असतं, कुणाचा हौदा एका रंगाचा आणि फाळका दुसऱ्या. दोन-चार हात फिरलेल्या या गाड्या. शोरूममधल्या नव्या पिकअपचा हप्ता ज्याला झेपत नाही, तो अशीच एखादी शोधत असतो.

शोधणारा बहुतेक वेळा सुरुवातच उलटी करतो. इंजिन दाखवा म्हणतो, गाडी चालू करायला लावतो, आवाज ऐकतो आणि मान डोलावतो. मुरलेला मेस्त्री इंजिनाकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन, हा त्याचा क्रम. इंजिन बिघडलं तर पैसे टाकून बांधता येतं. चॅसिस सडली तर पैसे टाकूनही पूर्वीसारखी होत नाही. आणि कागद अडकले, तर चांगल्या इंजिनाची, चांगल्या पत्र्याची गाडीसुद्धा दारात उभी राहून गंजते.

शेताच्या जागी चाक

मालवाहू गाडीला या गावात एवढं महत्त्व का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. सिडको स्थापन झाली १९७० साली. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची रेघ पडली. भातशेती आणि मिठागरांवर जगणारा हा पट्टा. रास्त मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील हे याच जासईचे. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली.

मे १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याचं एक टोक शिवडीला, दुसरं जासईच्या शेजारी चिर्ल्याला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. बंदर, पूल, विमानतळ यांच्या आजूबाजूला घरं उभी राहतात, दुकानं लागतात, आणि त्या घरा-दुकानांना सिमेंटपासून पाण्याच्या जारपर्यंत सगळं कुणीतरी आणून द्यावं लागतं. चाळीस फुटी ट्रेलर गावच्या गल्लीत शिरत नाही. तिथे लागते ती एक-दीड टनाची गाडी. आगरी बोलीत तिची ‘गारी’ होते, आणि शेत गेलेल्या घरात ती बैलजोडीच्या जागी उभी असते: रोज कामाला जुंपायची, रोज चारा घालायचा.

टेंपो, पिकअप, छोटा हत्ती

मराठी माणूस कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला सर्रास ‘टेंपो’ म्हणतो, तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीचा. हॅम्बुर्गच्या ‘टेंपो’ कंपनीच्या परवान्यावर तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायला बजाज टेंपो ही कंपनी १९५८ मध्ये उभी राहिली. नवलमल फिरोदिया हे तिचे संस्थापक. पुढे तिचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला, तिची ‘मॅटाडोर’ घराघरांत पोचली, आणि २००५ मध्ये कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. नाव गेलं, शब्द राहिला.

त्याच २००५ सालच्या मे महिन्यात टाटा मोटर्सने ‘एस’ बाजारात आणली. तीनचाकी रिक्षा-टेंपोच्या मालकाला चार चाकांवर आणायचं, हा त्यामागचा विचार. पाऊण टन माल, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद अवघी सोळा अश्वशक्ती, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या घरात. ते इंजिन कुठून आलं, हा किस्साही मजेदार आहे. टाटांच्या इंडिका मोटारीत चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं इंजिन होतं. अभियंत्यांनी ते निम्मं केलं. लोकांनी गाडीचं बारसं ‘छोटा हत्ती’ असं केलं आणि बारा वर्षांत अशा वीस लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. दुसऱ्या बाजूला महिंद्रची बोलेरो पिकअप. १९४७ पासून जीप बांधत आलेल्या घराण्यातली, २५२३ सीसीची, जास्त वजन उचलणारी आणि खराब रस्त्याला न कुरकुरणारी. जासई-उरणच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात कुठलीही चौकशी केली तरी घूमफिरून बोलणं या दोन नावांवर येतं. कारणही तसंच आहे: या गाड्यांचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि त्या बांधू शकणारा मेस्त्री प्रत्येक फाट्यावर असतो.

अमेरिकेत फोर्डने १९२५ साली कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली मॉडेल टी विकायला काढली, आणि आज तिकडे पिकअप ही घरची गाडीही असते. आपल्याकडे पिकअप कमावती. तिची पाटी पिवळी, अक्षरं काळी. ही पिवळी पाटी साधी दिसते, पण तिच्यामागे कागदांची रास असते.

कागद बोलतात

पहिला कागद आरसी, म्हणजे नोंदणीपत्र. तीवरचं नाव आणि समोर बसलेल्या विक्रेत्याचं नाव एक आहे का? बरेचदा नसतं. जुन्या गाड्या ‘कोऱ्या फॉर्मवर’ फिरतात: पहिल्या मालकाने सही करून दिलेले फॉर्म घेऊन दुसरा तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि सरकारदरबारी गाडी पहिल्याच्याच नावावर राहते. यात विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचंही मरण आहे. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हात फिरली असली, तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे विकून मोकळा झालेला माणूस चौथ्या मालकाच्या अपघातात अडकू शकतो.

नाव बदलण्याची रीत सोपी आहे. विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून चौदा दिवसांच्या आत कळवायचं, घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा. जासईकराला त्यासाठी पनवेलचं आरटीओ कार्यालय, म्हणजे एमएच ४६. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर तिथला ना-हरकत दाखला, फॉर्म २८, लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. त्या पाहताना ना-हरकत दाखला, महाराष्ट्रातला कर आणि नवा नंबर हा सगळा खर्च किमतीत मिळवूनच ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारावा.

आरसीवर कर्ज देणाऱ्या कंपनीचा बोजा, म्हणजे ‘एचपी’, आहे का, हे दुसरं. हप्ते फिटले असं तोंडी सांगून भागत नाही. कर्ज देणाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी फॉर्म ३५ आणि सोबत कर्ज फिटल्याचं पत्र हवं. ‘सीझिंगची गाडी’ असेल, म्हणजे हप्ते थकले म्हणून कंपनीने ओढून आणलेली, तर व्यवहार कंपनीच्या कागदांवरच व्हायला हवा. आवाराबाहेर भेटणाऱ्या दलालाच्या वहीवर नव्हे.

तिसरं, पासिंग. मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे प्रमाणपत्र नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. ‘पासिंग तेवढं बाकी आहे, बाकी गाडी एकदम ओके’ असं विक्रेता म्हणतो, तेव्हा त्या ‘तेवढं’चा अर्थ ब्रेकपासून दिव्यापर्यंत सगळी दुरुस्ती आणि वर थकलेला दंड असा निघू शकतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे, तोही भरला आहे का बघावं. शिवाय विमा, पीयूसी, आणि ई-चलान. रस्त्यावर कॅमेऱ्याने टिपलेले दंड गाडीच्या नंबरावर साठत जातात. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की यातलं बरंच काही मोबाइलवरच दिसतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणं बंधनकारक केलं आहे, तीही तपासावी.

मग आरसी हातात घेऊन गाडीखाली वाकावं. चॅसिसवर ठोकलेला सतरा अक्षरांचा नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. महिंद्रचे नंबर सहसा ‘एमए१’ने आणि टाटांचे ‘एमएटी’ने सुरू होतात, आणि दहावं अक्षर गाडीचं वर्ष सांगतं: इंग्रजी ‘एच’ म्हणजे २०१७, ‘जे’ म्हणजे २०१८, ‘के’ म्हणजे २०१९. नंबराभोवती घासल्याच्या खुणा किंवा वेगळाच रंग दिसला, तर चहा न पिता उठावं.

कागदांत एक-दोन दिलाशाच्या गोष्टीही आहेत. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात सहज बसतो. पिकअपची काही मॉडेलं बसतात, काही बाहेर जातात, म्हणून आरसीवरचं एकूण वजन वाचावं. दुसरी गोष्ट लायसन्सची. हलक्या मोटारीचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं.

‘आधी काय वाहायची?’

कागद जुळले की प्रश्न एकच: ही गाडी आधी काय वाहायची? किलोमीटरच्या आकड्यापेक्षा याचं उत्तर जास्त सांगतं, कारण मीटर मागे फिरवता येतो, पत्रा नाही.

मासळीची गाडी असेल तर हौद्यात बर्फ वितळतो, खारट पाणी फटींतून चॅसिसवर ठिबकत राहतं. खडी-रेतीची असेल तर पाटे बसलेले असतात आणि चॅसिस केबिनच्या मागे किंचित वाकलेली असू शकते. कुरिअरची गाडी शहरात दिवसभर थांबत-निघत चालते, तिची क्लचप्लेट आणि सेल्फ लवकर थकतात. मंडप डेकोरेटरची गाडी चालते कमी, ओरखडते जास्त. अंगावर चरे असले तरी आतून ती पुष्कळदा चांगली निघते.

जासई-उरणच्या पट्ट्यात गंजाला मुळातच मोकळं रान आहे. खाडी, मिठागरं, खारा वारा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, लोखंडाच्या गंजण्यातली रासायनिक क्रिया वेग घेते, आणि रंगाला बारीकसा चरा पडला तरी त्याखालून गंज पसरत जातो. वरून चकचकीत गाडी, खाली चाळण, हे इथलं नेहमीचं चित्र.

तपासायला फार अवजारं लागत नाहीत. एक छोटी हातोडी, एक टॉर्च, एक लोहचुंबक. चॅसिसवर हातोडीने हलके ठोकत जावं. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं. सडलेल्या जागी आवाज मेल्यासारखा येतो आणि पापुद्रे गळतात. मागचे पाटे जिथे चॅसिसला अडकवलेले असतात तिथे, आणि केबिनच्या बैठकीखाली, टॉर्च मारून बघावं. नवं वेल्डिंग दिसलं तर ते का केलं, हे विचारावं. लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारांवर, चाकांच्या कमानींवर फिरवावा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबीचा जाड थर आहे. नुकताच काळा रंग मारलेली चॅसिस पाहून खूश होण्याचं कारण नाही. विकायच्या आदल्या आठवड्यात मारलेला रंग झाकायलाच असतो.

पुरात बुडालेली गाडी हा कोकणातला आणखी एक धोका. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य वाहनं बुडाली. बुडालेली गाडी धुऊनपुसून उभी केली की ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, त्यावर चिखलाची रेघ राहून गेलेली असते. सीटच्या रुळांवरचा गंज, डॅशबोर्डच्या आतली माती, काचा बंद केल्यावर येणारा कुबट वास, या बाकीच्या खुणा.

आता इंजिन

पाहायला जायच्या आधी मालकाला सांगून ठेवावं: गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या हात लावावा. इंजिन गरम लागलं, तर थंडीत ते उठायला त्रास देतं ही शंका धरावी. छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली असतं, तिथे सीट उचलूनच काम.

मग चालू करून मागे जाऊन उभं राहावं. धूर तीन रंगांचा. जोर दिल्यावर काळा धूर आला तर डिझेल पुरतं जळत नाही: हवेचा फिल्टर तुंबला असेल किंवा नोझल बिघडले असतील, हे तुलनेने स्वस्तातलं काम. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा झिजल्या, किंवा टर्बो असलेल्या गाडीत टर्बोची सील गेली. पांढरा धूर थंडीत क्षणभर आला तर चालेल; गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे संशय जातो. ऑइलची काडी ओढून बघावी. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. इंजिन मंद चालू असताना ऑइलचं झाकण उघडावं. तिथून भसाभस वारा आणि धूर येत असेल, तर बोअर-पिस्टनचं काम पुढ्यात आहे, आणि ती रक्कम भावातून वजा झाली पाहिजे.

रिकामी पिकअप सगळ्यांनाच चांगली वाटते. दहा सिमेंटच्या गोण्या, म्हणजे पाचशे किलो, टाकून उड्डाणपुलाचा चढ चढवली की खरं रूप दिसतं. जोर दिला तर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. गिअर आपोआप उडून न्यूट्रलला येतो, म्हणजे गिअरबॉक्स उघडावा लागणार. मागून वेगाबरोबर चढत जाणारा घूं-घूं आवाज हाउसिंगचा. स्टिअरिंग सोडलं की गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ब्रेक, टायर किंवा पुढचा धुरा यांपैकी काहीतरी बोलतंय. टायरच्या कडेला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचावेत: ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी जुनाट रबर भाराखाली फुटतं.

वर्षाचा विचार इथेच करावा. देशभर धुराच्या प्रदूषणाचं बीएस-४ मानक आलं १ एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्या फाट्यावरचा मेस्त्री डोळे मिटून बांधतो, पण त्यांचं पासिंग दरवर्षाचं आणि आयुष्य उतरणीचं. नव्या गाड्यांत सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा जास्त. तिथे पान्याबरोबर स्कॅनरही लागतो.

भाव आणि हप्ता

जुन्या मालवाहू गाड्यांना कर्ज देणं हा आपल्या देशात मोठा धंदा आहे. १९७९ साली सुरू झालेली श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स, आताची श्रीराम फायनान्स, मुख्यतः जुन्या ट्रकांच्या कर्जांवरच वाढली. ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही त्या ड्रायव्हरला अशा कर्जामुळेच मालक होता आलं. फक्त व्याज कसं मोजलंय ते विचारावं. समजा दोन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी ‘दहा टक्के फ्लॅट’ने घेतलं. वर्षाला वीस हजार, म्हणजे तीन वर्षांचे साठ हजार व्याज, आणि हप्ता महिना ७,२२२ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या दोन लाखांवरच लागतंय. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशोबात हाच दर जवळजवळ अठरा टक्के पडतो.

भाव पाडताना गाडीला नावं ठेवण्यापेक्षा यादी ठेवावी. टायर इतके, क्लच इतका, पासिंगचं काम इतकं, चलान इतकं. यादी मेस्त्रीकडून लिहून घेतलेली असेल तर विक्रेता वाद घालत नाही. इसार देताना कागदावर गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम आणि कोणते कागद कधी मिळणार हे लिहून घ्यावं. आणि काही रक्कम आरसीवर नाव चढेपर्यंत हातात राखावी.

विमाही लगेच बघावा. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा कायद्याने गाडीबरोबरच येतो, पण घेणाऱ्याने चौदा दिवसांत कंपनीला कळवून आपलं नाव चढवायचं असतं. नो-क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा असतो; तो गाडीबरोबर येत नाही.

गॅरेजमध्ये

गाडी घरी आली की हात शिवशिवतात ते रंगासाठी. मेस्त्री रंगाला शेवटचा नंबर देतो. आधी थांबणारी गाडी, मग धावणारी, मग दिसणारी.

थांबण्यात येतात ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, हँडब्रेक. त्याच वेळी स्टिअरिंगचे जॉइंट आणि चाकांची बेअरिंगं. हे भाग नवेच घ्यायचे. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या दुकानांत दार, फाळका, बंपर, दिव्याचं घर, सीट खुशाल शोधावं, पण ब्रेक, क्लच, बेल्ट, टायर यांत कुणाचं उष्टं घेऊ नये. जुना पार्ट घेतानाही पावती मागावी. चोरीचा निघाला तर उत्तर देता आलं पाहिजे.

मग ऑइल आणि तिन्ही फिल्टर. रेडिएटर स्वच्छ करून कूलंट भरायचं. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतत राहिलं की आत क्षार धरतात आणि चढावर इंजिन तापतं. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच समजावं.

गंजाचं काम वेळखाऊ. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की चॅसिस गोड्या पाण्याने धुवायची, दोन-तीन उन्हं दाखवायची, तारेच्या ब्रशने पापुद्रे काढायचे. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करायचा. त्यावर गंज रोखणारं रसायन, मग रेड ऑक्साइड, मग काळा रंग आणि खालून अंडरकोटिंग. चॅसिसला जळकं ऑइल फासण्याची जुनी सवय अजून दिसते. त्याने लोखंड थोडं वाचतं, पण रबरी बुश फुगून मरतात आणि पहिल्या पावसात ते ऑइल वाहून खाडीत जातं. मासळी वाहायची असेल तर हौद्यात जाड ताडपत्री किंवा पत्र्याचं अस्तर घालून पाण्याला नळीने सरळ खाली वाट द्यावी.

दोन कामं मात्र आरटीओला न कळवता करू नयेत. इंजिनच बदललं, तर त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो. आणि जास्त माल बसावा म्हणून हौदा उंच करणं किंवा लांब करणं हा कलम ५२ खाली गाडीतला बेकायदा बदल ठरू शकतो. तसाही जास्त भार परवडत नाही: २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एका पकडीत महिन्याच्या अनेक फेऱ्यांची कमाई जाते.

माणसांचंही तसंच. आगरी-कोळ्यांच्या हळदीला, लग्नाला सगळी आळी पिकअपच्या हौद्यात चढते, हे दृश्य या भागात नवं नाही. पण मालवाहू गाडीतून असंच बसून जाणाऱ्या प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला आहे. मालाबरोबर निघालेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस ही गोष्ट वेगळी. बाकीच्यांचं काही झालं तर खर्च गाडीमालकाच्या अंगावर येतो.

सगळं उरकलं, पासिंग झालं, आरसीवर नाव चढलं की बोलावणं जातं ते पेंटरला. दारावर आधीच्या मालकाचं अर्धवट नाव राहिलेलं असतं, ते तो पुरतं घासून काढतो. समोरच्या काचेवर ‘आई एकवीरा’, फाळक्यावर मुलांची नावं, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःची सही आणि मोबाइल नंबर. रंग सुकेपर्यंत गाडी अंगणात उभी असते आणि येणारा-जाणारा एक चक्कर मारून, चाकाला पायाने दाबून, किती पडले म्हणून विचारून जातो. गणपती तोंडावर आले असले तर पहिली फेरी पेणची. हौद्यात पेंढा अंथरलेला, त्यावर मूर्ती दोरीने आवळून बसवलेल्या, वर ताडपत्री. परतताना ट्रेलरांच्या रांगेत गाडी सगळ्यात डावीकडे ठेवायची आणि प्रत्येक खड्ड्याआधी वेग पार कमी करायचा.